कवडसा

हर्णे येथील आमच्या जुन्या घराचे एखादे कौल सरकले, की माजघराच्या अंधारात कवडसा उतरे. तो कुठवर सरकला हे पाहून आजी वेळ सांगे. पुढे ‘कागज के फूल’ (१९५९) पाहिला, तेव्हा मनात म्हटले, अरे, हा तर आपलाच कवडसा!

प्रणय दाखवायचा तर बाग हवी, चांदणे हवे, असा समज आहे. माझी भाचीही म्हणते, “मामा, सुवर्णदुर्गासमोर कॅमेरा लावला की झालं!” मला हे पटत नाही. गुरुदत्तने निवडला तो रिकामा, काळोखा स्टुडिओ. कलादिग्दर्शक आपले एम. आर. आचरेकर. विवाहित सुरेश आणि त्याची नायिका शांती दूरदूर उभी आहेत, आणि मध्ये वरून तिरपा झोत. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी तिथे आरशांच्या साहाय्याने खरे ऊनच आत आणले होते. दिव्याचा झोत पुढे पसरत जातो. उन्हाचा सरळ राहतो. गीता दत्तचा आवाज येतो, पण पडद्यावर ओठ कुणाचेच हलत नाहीत. स्पर्श तर नाहीच. त्या दोघांना ओलांडता न येणारे अंतर तेवढे उजळलेले.

मग दोघांच्या छायाकृती देहातून निघून एकमेकांकडे जातात, ते मात्र मला आजही खटकते. उजेडाने सांगून झाले, ते पुन्हा कशाला सांगावे?

भाचीला मुद्दाम तो प्रसंग दाखवला. ती म्हणाली, “पण मामा, मला तेच तर आवडलं!”