गोषवारा आणि पहिली कादंबरी

इंग्रजी ग्रंथव्यवहारात नवा कादंबरीकार व प्रकाशक यांच्यामध्ये 'लिटररी एजंट' नावाचा मध्यस्थ उभा असतो. त्याच्याकडे समग्र बाड प्रथम जात नाही; जाते एक पत्र, कथानकाचा गोषवारा आणि फार तर आरंभीची काही प्रकरणे. मराठीत हा मध्यस्थ रुजला नाही. गोषवारा मागण्याची रीत मात्र आपल्या काही प्रकाशकांच्या दारापर्यंत येऊन पोचली आहे. ती निव्वळ कार्यालयीन सोय होय, असे समजले जाते. वस्तुतः तिच्यामागे एक वाङ्मयीन गृहीत आहे : कादंबरीचे सत्त्व कथानकात असते व ते वेगळे काढून तोलता येते. हे गृहीत आम्हांस मान्य होण्यासारखे नाही.

'कोसला'ला ही कसोटी लावून पाहावी. पांडुरंग सांगवीकर नावाचा खेड्यातला मुलगा पुण्यास शिकावयास येतो, अपयशी ठरतो व गावी परततो. गोषवारा संपला! एवढ्यावरून कोणता व्यवहारदक्ष गृहस्थ पुढची पाने मागवील? पांडुरंगाचे स्वतःलाच चिमटे काढणारे तिरकस निवेदन, मनीच्या मृत्यूपाशी त्याच्या भाषेची होणारी ओढाताण, यांतले गोषवाऱ्यात काहीच उतरत नाही. आणि 'कोसला' म्हणजे तर तेच.

सुदैवाने ही कादंबरी या दाराने आलीच नाही. रा. ज. देशमुखांनी तरुण नेमाड्यांच्या मागे लिहिण्याचा लकडा लावला. १९६३ साली ती लिहून झाली आणि त्याच वर्षी देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. बाड तयार होण्यापूर्वीच त्याला प्रकाशक लाभला होता. परंतु हा योग परिचयाचा आहे. पुण्यामुंबईच्या प्रकाशकाशी ज्याची कधी गाठच पडली नाही, अशा रायपूरच्या मराठी लेखकाने काय करावे? त्याला टपालाचाच आधार.

याच रायपुरात राहणाऱ्या विनोदकुमार शुक्लांची 'नौकर की कमीज' ही पहिली हिंदी कादंबरी १९७९ साली आली, ती दिल्लीहून नव्हे, हापूडच्या संभावना प्रकाशनाकडून. तिच्या लेखनाला गजानन माधव मुक्तिबोधांच्या नावाच्या पाठ्यवृत्तीचे पाठबळ होते. (मराठी घरातल्या या हिंदी कवीचा स्वतःचा पहिला संग्रह १९६४ साली निघाला, तो पाहावयास कवी उरला नव्हता.) शुक्लांच्या कादंबरीचा गोषवारा असा : साहेबाच्या नोकराचा सदरा एका कारकुनाच्या अंगाला बरोबर बसतो. हे एखाद्या प्रहसनाचे बीज वाटेल. त्या सदऱ्याची दहशत शुक्लांच्या साध्या, किंचित वाकड्या वाक्यांतून पानापानाने चढत जाते; ती सारांशाने कशी कळावी?

म्हणून प्रकाशकांनी गोषवाऱ्याऐवजी बाडाच्या मध्यातली सलग चाळीस पाने मागवावीत. आरंभ सर्वच जण घासूनपुसून पाठवितात. लेखकाचा दम कळतो तो मध्यावर. आणि नकारच द्यावयाचा झाला, तरी वाचन कोणत्या पानावर थांबले एवढे लेखकास अवश्य कळवावे.