घोंगडीचा अर्थ : एक पद्धतिविचार

हातमागावरील वस्त्राचा अर्थ त्याच्या नक्षीत शोधावा, ही भूमिका वस्त्रविषयक लेखनात वारंवार आढळते. इंडोनेशियातील सावू बेटापुरती ती योग्यच होय. तेथे विणीतील आकृतींवरून स्त्रीचे मातृकुळ जाणत्यास ओळखता येते. वस्त्र ही तेथे जणू लिपीच आहे. परंतु हीच कसोटी परभणी-हिंगोलीकडील हटकर धनगरांच्या खांद्यावरील घोंगडीस लावली, तर हाती काय येते? काळी लोकर आणि क्वचित एखादा पांढरा पट्टा. एवढ्यावरून घोंगडीस अर्थ नाही असे ठरविणे, हा वस्तूचा नव्हे, पद्धतीचा दोष होय.

घोंगडीचा अर्थ आकृतीत नसून व्यवहारात आहे. धनगराने लोकर कातरावी, स्त्रियांनी सूत काढावे, सनगराने ते मागावर विणून चिंचोक्याची खळ द्यावी, असा हा अनेक हातांचा व्यवहार. पावसात तीच खोळ होते, रात्री अंथरूण होते आणि आल्या पाहुण्यासाठी किंवा देवकार्यासाठी तीच आसन म्हणून पसरली जाते. एकच वस्त्र प्रसंगपरत्वे निवारा आणि मान या दोहोंचे वाहक ठरते.

या अर्थाचा दुसरा साठा भाषेत आहे. तेलुगूतील ‘गोंगडी’शी असलेले या शब्दाचे साम्य दख्खनच्या सामायिक पशुपालक जीवनाकडे बोट दाखविते. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार तर अधिक बोलका आहे. लोकर पाणी पिते, जड होते आणि लवकर वाळत नाही. ते घोंगडे पांघरताही येत नाही आणि घडी करून ठेवताही येत नाही. ज्याने ते कधी उचललेच नाही, त्याला या वाक्प्रचारातून केवळ विलंब कळतो. त्यातील ओझे कळत नाही.

येथेच खरी हानी आहे. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीला आज पुरेसा भाव उरला नाही. मेंढी मुख्यत्वे मांसासाठी पाळली जाते आणि यंत्रावरील स्वस्त ब्लँकेट घरोघरी पोहोचले आहे. वस्तू गेल्यावर शब्द काही काळ टिकतात, पण पोकळ होऊन. म्हणून नमुन्यांची छायाचित्रे जमविण्यापूर्वी वृद्ध विणकरांकडून माग, सूत, खळ आणि वीण यांची शब्दसंपदा टिपून घेणे, हे मराठीच्या अभ्यासकांचे पहिले कर्तव्य ठरते. तेच भिजत पडले, तर दोष घोंगड्याचा खास नसेल.