स्मृतीचा वाडा कोणाचा?

चीनच्या इतिहासाचे अभ्यासक जोनाथन स्पेन्स यांचा ‘द मेमरी पॅलेस ऑफ मॅत्तेओ रिची’ हा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथ नवा नव्हे. लेखकही २०२१ साली निवर्तले. तरीही त्याचा परामर्श या पानांवर घ्यावासा वाटतो, त्याला दोन कारणे आहेत. एक तर ग्रंथनायकाच्या आयुष्याची सुमारे साडेतीन वर्षे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, गोवा आणि कोची येथे गेली. दुसरे असे, की चित्रांच्या आधारे विद्या लक्षात ठेवण्याची जी कला या ग्रंथाच्या केंद्रस्थानी आहे, तिचा आज विद्यार्थ्यांत आणि पालकांत मोठा बोलबाला आहे. रंगीत तक्ते, आयती चित्रे, स्मरणशक्तीचे वर्ग यांवर आपण पैसा खर्च करतो. पण या कलेचे खरे बळ कशात आहे आणि ती कोठे थिटी पडते, हे क्वचितच विचारतो. स्पेन्स यांचा ग्रंथ वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

ही कला युरोपात फार जुनी. थेसलीतील एका मेजवानीत छप्पर कोसळले आणि पाहुणे ओळखू येऊ नयेत इतके चिरडले गेले. तेवढ्यापुरता बाहेर गेलेला कवी सिमोनिडीस वाचला. कोण कोठे बसले होते हे आठवून त्याने प्रत्येकाची ओळख पटवली, अशी कथा सिसेरोने सांगितली आहे. तीतून निघालेले सूत्र सोपे आहे. नुसत्या शब्दांपेक्षा जागा आणि दृश्ये मनात अधिक ठसतात. म्हणून मनात एक परिचित वास्तू उभी करावी, लक्षात ठेवायच्या प्रत्येक गोष्टीचे ठसठशीत चित्र करावे आणि ते एकेका कोपऱ्यात ठेवावे. आठवण हवी असेल तेव्हा त्या वास्तूतून एक फेरी मारावी. चित्रे आपापल्या जागी भेटतात.

मॅत्तेओ रिची हा इटालियन जेझुइट. त्याचा जन्म १५५२ सालचा. १५७८च्या सप्टेंबरात तो गोव्यास उतरला, सेंट पॉलच्या महाविद्यालयात अध्यापन करू लागला आणि १५८२ साली मकावकडे निघून गेला. पुढे १५९५ साली नानचांग शहरी विद्वानांच्या मेळाव्यात चारपाचशे असंबद्ध चिनी अक्षरे एकदा वाचून ती त्याने सुलट आणि उलट क्रमाने म्हणून दाखवली. दुसऱ्याच वर्षी जियांगशी प्रांताच्या सुभेदारासाठी त्याने या कलेवर चिनी भाषेत एक छोटा ग्रंथ लिहिला. सुभेदाराचे तीन मुलगे सरकारी परीक्षांची तयारी करीत होते.

त्या ग्रंथातील चार चित्रे स्पेन्स यांनी हाती घेतली आहेत. ‘युद्ध’ या अर्थाच्या चिनी अक्षरात रिचीला ‘भाला’ आणि ‘थांबवणे’ असे दोन घटक दिसले. त्यातून त्याने भाला रोखणारा एक योद्धा आणि त्याचे मनगट धरून त्याला थोपवणारा दुसरा, अशी जोडी उभी केली. ‘लाभ’ या अक्षरात धान्य आणि सुरी आहेत. तेथे पीक कापण्यास सज्ज झालेला, हाती विळा घेतलेला शेतकरी आला. ‘चांगले’ या अक्षरात स्त्री आणि मूल आहेत. तेथे मूल घेतलेली दासी आली. ‘हवे असणे’ या अर्थाच्या अक्षरासाठी पश्चिमेकडील एक मुसलमान स्त्री उभी राहिली. एका दिवाणखान्याच्या चार कोपऱ्यांत ही चार चित्रे रिचीने मांडली.

स्पेन्स यांचे कौशल्य असे, की त्यांनी आपल्या ग्रंथाची रचनाच अशा वाड्यासारखी केली आहे. ही चार चित्रे आणि रिचीने एका चिनी संग्राहकास दिलेली चार धार्मिक चित्रे ते आळीपाळीने घेतात, आणि प्रत्येकातून रिचीच्या जगाचे एक दालन उघडतात. युद्धाचे, समुद्रप्रवासाचे, व्यापाराचे. वाचकाला त्यात विलक्षण गोडी लागते. परंतु तिची किंमतही द्यावी लागते. कालक्रम मोडतो, गोव्यातला रिची सलग भेटत नाही, तो दालनादालनांतून वेचावा लागतो. ग्रंथ मिटल्यावर योद्धे आणि शेतकरी लख्ख आठवतात. रिचीच्या प्रवासाचा क्रम मात्र पुन्हा पाने चाळून लावावा लागतो. जे चित्राला चिकटले ते टिकते आणि उरलेले निसटते, हा या कलेचा गुण आणि दोष ग्रंथाच्या बांधणीतच प्रत्ययास येतो.

आमचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. सुभेदाराच्या थोरल्या मुलाने रिचीचा ग्रंथ लक्षपूर्वक वाचला आणि म्हटले, की हे नियम खरे आहेत; परंतु ते वापरायला मुळातच उत्तम स्मरणशक्ती हवी. हा मार्मिक अभिप्राय स्पेन्स यांनी दिला आहे. पण तो मुलगा असे का म्हणाला, याचा जितका शोध घ्यावयास हवा होता तितका घेतलेला नाही. उत्तर त्या चार कोपऱ्यांतच आहे. चित्रे अक्षरांच्या अंगातून काढलेली खरी. पण ती काढली रिचीने. मुलाला अक्षर येतच होते. आता अक्षराबरोबर परक्याने मांडलेले सामानही त्याला सांभाळायचे होते. वाडा रिचीचा, राहायचे मुलाने.

अलीकडचे प्रयोग याच दिशेने बोट दाखवतात. १९७५ साली ॲटकिन्सन आणि रॉ या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना १२० रशियन शब्द शिकवले. परक्या शब्दाशी उच्चाराने जुळणारा ओळखीचा शब्द द्यायचा आणि दोहोंना जोडणारे चित्र मनात उभे करायचे, ही रीत. उदाहरणार्थ, पोर्तुगीज भाषेत गाईला ‘वाका’ म्हणतात. मान वाकवून चरणारी गाय डोळ्यांपुढे आणली, की शब्द हाती लागतो. या रीतीने शिकलेल्यांना शेवटी ७२ टक्के शब्द आले, इतरांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनंतर हेच आकडे ४३ आणि २८ झाले; म्हणजे चित्रेही पुसट होतातच. येथे जोडशब्द शिक्षकांनी पुरवला होता, चित्र मात्र विद्यार्थ्याने स्वतःच्या मनात रेखले, हे विसरता कामा नये. २०१६ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा त्याचे चित्र आपल्या हाताने काढले असता तो अधिक आठवतो. चित्र चांगले असावे लागत नाही. ते आपण काढलेले असावे लागते.

आणखी एक गोष्ट या वाड्यात कमी आहे : कान. आपल्याकडे वेदपठण करणाऱ्यांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे शब्दांचे गोफ विणून ध्वनीच्या बळावर ग्रंथ राखले. आपल्या आजोबांनी पावकी, निमकी तालावर म्हणून हिशेब राखले. आणि चित्र व स्वर यांचा मेळ पाहायचा असेल, तर गोव्याच्या सीमेपासून जवळच असलेल्या पिंगुळीच्या चित्रकथीकडे पाहावे. ठाकर कलावंत एका आख्यानाची चित्रे पोथीसारखी एकत्र ठेवतो, एकेक चित्र पुढे मांडतो आणि कथा गातो. चित्र त्याला प्रसंगाची जागा दाखवते, गाणे त्याला पुढे नेते. नुसते चित्र मुके, नुसता पाठ आंधळा. दोहोंना अर्थाची जोड त्या गाणाऱ्याच्या समजेतून मिळते.

शेवटी पुन्हा रिचीच्या गोव्याकडे. स्थानिक विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकवू नये, शिकले तर ते गर्विष्ठ होतील, असे मत तेव्हा प्रबळ झाले होते. १५८१च्या नोव्हेंबरात एकोणतीस वर्षांच्या या शिक्षकाने आपल्या संघाच्या प्रमुखास पत्र लिहून त्याला विरोध केला. इथल्या मुलांना विद्येच्या आतल्या दालनापर्यंत जाऊ द्यावे, हे ज्याला गोव्यात उमगले होते, त्यानेच नानचांगमध्ये तीन मुलांसाठी आपल्या हाताने सजवलेला वाडा पुढे केला, ही या चरित्रातील सर्वांत बोलकी विसंगती होय. स्पेन्स यांचे साहित्य तिच्यापर्यंत आपल्याला पोहोचवते. ती जोडून पाहण्याचे काम वाचकावर राहते. ग्रंथ त्यासाठी अवश्य वाचावा. आणि परीक्षेच्या दिवसांत मुलापुढे आयता तक्ता टांगण्याआधी, एक कोरा कागद आणि पेन्सील ठेवून पाहावी.