लेखनविषयक विद्यार्थी-संशोधन आणि संदर्भसाधनांची निवड : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
मराठी विभागांतून होणाऱ्या विद्यार्थी-संशोधनात कथा, कविता, कादंबरी यांवरील विषयांचे प्रमाण मोठे असते. लेखन या व्यवहाराविषयीचे प्रश्न मात्र क्वचित विचारले जातात आणि विचारले गेले तरी त्यांना पुरेसा आधार मिळत नाही. लेखनामध्ये लिपी, अक्षरवळण, शुद्धलेखन, दस्तऐवज, मुद्रण आणि वर्गातील निबंधाची वही या सर्वांचा समावेश होतो. २००६ पासून सुरू झालेली 'आविष्कार' संशोधन स्पर्धा आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी स्तरावर आलेले संशोधन प्रकल्प यांमुळे असे प्रश्न आता कोवळ्या वयातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले आहेत. 'मराठी लेखनाचा उगम', 'मोडी लिपीचा ऱ्हास', 'विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनातील चुका' हे त्यांतील नेहमीचे विषय होत. या प्रकल्पांच्या शेवटी दिलेली संदर्भसूची पाहिली असता स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके, साहित्येतिहासाची क्रमिक पुस्तके आणि वृत्तपत्रीय पुरवण्या यांपलीकडे ती सहसा जात नाही. 'या विषयावर साहित्य उपलब्ध नाही' असे कारण त्यासाठी दिले जाते. ते कितपत खरे आहे हे रायगडच्या किनाऱ्यावरील दोन उदाहरणांच्या आधारे तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

आक्षीचा शिलालेख आणि 'पहिलेपणा'चा प्रश्न :
मराठीतील पहिले कोरीव वाक्य श्रवणबेळगोळ येथे आहे, हे विधान कित्येक पिढ्यांनी पाठ केले. गोमटेश्वराच्या पायाशी असलेला हा लेख इ. स. ९८३ चा मानला जाई. पुढे तेथील चामुंडराय आणि गंगराज यांच्या नावांची दोन्ही वाक्ये एकाच काळात, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभी कोरली गेली असावीत, असे मत अभ्यासकांनी मांडले. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (पुणे विद्यापीठ, १९६३) या ग्रंथाने अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना लागणाऱ्या आक्षी या गावातील शिलालेखाला, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ या वाचनासह, अग्रस्थान दिले. त्याच किनाऱ्यावरील दिवेआगरचा ताम्रपट शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आहे. म्हणजेच मराठी लेखनाचे दोन अत्यंत प्राचीन पुरावे आजच्या एका जिल्ह्याच्या किनारपट्टीवर मिळालेले आहेत.

येथवर आल्यानंतर स्थानिक अभिमानाला भरते येणे स्वाभाविक आहे, आणि नेमके येथेच संशोधन थांबते. कालपर्यंत 'श्रवणबेळगोळ' लिहिणारा विद्यार्थी आज 'आक्षी' लिहितो. नाव बदलते, पद्धत तीच राहते. वस्तुतः आक्षीच्या लेखाच्या कालवाचनाबाबत मतभेद आहेत. उत्तर कोकणच्या शिलाहारांत केशिदेव या नावाने ओळखले जाणारे दोन राजे झाले : एक अकराव्या शतकाच्या आरंभीचा, ज्याला अरिकेसरी असेही म्हणतात, आणि दुसरा तेराव्या शतकाच्या आरंभीचा. शिलालेखातील राजा यांपैकी कोणता मानावा यावर लेखाचे वय सुमारे दोनशे वर्षांनी मागेपुढे होते. झिजलेल्या दगडावरील अंकांचे वाचन, अक्षरांचे वळण आणि राजाची ओळख या तीन गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. त्यांपैकी एकीच्या आधारे इतर दोन सिद्ध करण्याचा मोह टाळावा लागतो. तुळपुळ्यांचे पुस्तक आणि वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेला शिलाहारांच्या कोरीव लेखांचा खंड (१९७७) शेजारी ठेवून वाचल्यास ही वादस्थिती विद्यार्थ्याला समजू शकते.

संशोधनपर साधन आणि माहितीपर साधन यांतील भेद येथे स्पष्ट होतो. माहितीपर पुस्तक वर्ष सांगते. संशोधनपर ग्रंथ ते वर्ष कशावरून काढले, कोणते अक्षर शंकास्पद आहे आणि पूर्वीच्या वाचकाने काय वाचले होते हेही सांगतो. तुळपुळ्यांनी मूळ पाठ, त्याचे विवेचन आणि छायाचित्र देऊन वाचकाला स्वतःशी असहमत होण्याची सोय करून ठेवली आहे. विद्यार्थ्याला हा ग्रंथ केवळ 'जुना' वाटतो, ही मार्गदर्शनातील उणीव होय.

शोधाची भाषा :
साधने असूनही सापडत नाहीत याचे एक साधे कारण शोधशब्दांत आहे. 'लेखन' हा शब्द घेऊन ग्रंथालयाच्या तालिकेत गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती कथालेखन आणि पटकथालेखन येते. त्याला हवे असलेले ज्ञान मात्र पुराभिलेख, व्याकरण, बोलीविज्ञान आणि मुद्रणाचा इतिहास या विभागांत विखुरलेले असते. अ. का. प्रियोळकरांचा भारतातील मुद्रणकलेवरील इंग्रजी ग्रंथ (१९५८) मराठी विभागाच्या कपाटात बहुधा नसतोच. शिवाय गावाचे नाव 'आक्षी' आणि 'अक्षी' असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. चौल हे प्राचीन लेखांत 'चेमुली' तर अरबी प्रवाशांच्या वृत्तान्तांत 'सैमूर' म्हणून येते. १९८१ पूर्वीच्या साहित्यात 'रायगड जिल्हा' शोधणेच व्यर्थ, कारण तो तेव्हा कुलाबा होता. १८८३ चे गॅझेटिअर 'कुलाबा व जंजिरा' याच नावाने मिळते. संगणकीय शोधाची अडचण निराळी आहे. युनिकोडपूर्व टंकांत अक्षरजुळणी झालेल्या मराठी नियतकालिकांच्या अनेक प्रती पडद्यावर उत्तम दिसतात, पण देवनागरीत शोध घेतल्यास त्यांतील एकही शब्द सापडत नाही. स्कॅन केलेल्या जुन्या ग्रंथांचीही हीच गत. म्हणून शोधयंत्राने 'काही नाही' असे सांगितले, तरी त्याचा अर्थ काही लिहिले गेले नाही असा होत नाही. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' (पहिला खंड १९४३) आजही अशा वेळी यंत्रापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.

साधनाच्या अधिकृततेसाठी शिक्क्यावर विसंबणेही पुरेसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने नियतकालिकांसाठी आणलेली 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केली आणि नियतकालिकाची पारख पुन्हा संस्था व अध्यापक यांच्याकडे आली. यादी असताना ही पारख करण्याची सवय कितीजणांनी जोपासली होती, हा प्रश्न अध्यापकवर्गाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

'चुका' या विषयाची चिकित्सा :
दुसरे उदाहरण शुद्धलेखनाचे. आगरी-कोळी वस्तीच्या शाळांतील मुलांच्या वह्या जमवायच्या, त्यांतील चुका मोजायच्या आणि शेकडेवारी काढून 'वाचनाचा अभाव' किंवा 'पालकांचे दुर्लक्ष' हे कारण नोंदवायचे, असा या प्रकल्पांचा साचा झाला आहे. संदर्भ म्हणून मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम, १९७२ ची त्यांतील भर, मो. रा. वाळंबे किंवा अरुण फडके यांची पुस्तके दिली जातात. ही सर्व साधने आपापल्या जागी आवश्यकच आहेत, पण ती मानदंड सांगतात. कसे लिहावे हे त्यांतून कळते, मूल तसे का लिहिते हे कळत नाही. मानदंडालाच संशोधनाचा संदर्भ मानल्यामुळे निष्कर्ष आरंभीच ठरून जातो.

आगरी बोलीत 'पाणी'चे 'पानी', 'डोळा'चा 'डोला' आणि 'गाडी'ची 'गारी' होते. वहीत हे शब्द असेच उतरले असतील तर त्यांमागे नियम आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घातील गोंधळाशी त्यांची बेरीज करता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक पुण्याच्या मुलाचीही होते, 'गारी' मात्र त्याच्या वहीत सापडणार नाही. या दोहोंना एकाच रकान्यात घालणारी शेकडेवारी मुलाच्या निष्काळजीपणाचे प्रमाण म्हणून सादर केली जाते, तेव्हा त्याच्या घरच्या बोलीवर नकळत ठपका येतो. तो ठपका ठेवणारा प्रकल्पकर्ता अनेकदा त्याच घरांतून महाविद्यालयात आलेला असतो, ही बाब अधिक अस्वस्थ करणारी आहे.

या विषयावर साहित्य नाही असे म्हणता येत नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) कोकणातील बोलींमध्ये आगरीची नोंद आहे. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेतील एक पुस्तक (१९६६) खास महाडच्या कुणबी बोलीवर आहे. जिल्ह्यातील एका बोलीचे वर्णन कसे करावे याचा नमुनाच त्यातून मिळतो. ही पुस्तके इंग्रजीत आहेत, ध्वनिचिन्हांनी भरलेली आहेत आणि पहिल्या वाचनात रुक्ष वाटतात, हे मान्य करावे लागेल. तथापि त्यांतील पाच-सात पाने अध्यापकाने विद्यार्थ्याबरोबर बसून वाचल्यास प्रकल्पाचा प्रश्नच बदलतो. 'चुका किती' याऐवजी 'कोणते ध्वनी लेखनात उतरतात आणि कोणत्या इयत्तेपर्यंत टिकतात' असे विचारता येते. या दुसऱ्या प्रश्नाला तयार उत्तर नाही, आणि पंधरा वह्यांच्या बळावरही त्याबाबत काही नवे सांगता येण्याची शक्यता आहे.

लेखनाची परंपराच नसलेल्या भाषेविषयीही हाच अनुभव येतो. कोर्लई येथील पोर्तुगीज-मराठी संपर्कातून घडलेल्या बोलीवर जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा सविस्तर ग्रंथ १९९६ मध्ये परदेशात प्रसिद्ध झाला. पोर्तुगीज चौलहून १७४० मध्ये गेले, बोली राहिली. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई येते, परंतु शाळेत मराठी लिहायला शिकणारे तेथील मूल घरातील न लिहिलेली भाषा लेखनात कशी आणते, हा विषय महाविद्यालयीन प्रकल्पांत सहसा दिसत नाही. त्यासाठी लागणारे पहिले पुस्तक आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येते. दुसरे साधन म्हणजे गावातील मुलांच्या वह्या.