केस, आडनाव आणि नोकरीचे दार

१

दलित साहित्याचा विचार आफ्रिकन-अमेरिकन साहित्याच्या संदर्भात करण्याची प्रथा मराठी समीक्षेत आता जुनी झाली आहे. म. ना. वानखेडे यांनी या साहित्याकडे लक्ष वेधले; जनार्दन वाघमारे यांच्या अमेरिकन निग्रो साहित्य व संस्कृतीविषयीच्या ग्रंथाने अभ्यासकांना सामग्री पुरविली; १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच तिकडच्या चळवळीवरून घेतले. या तुलनेचा आधार मात्र बहुधा वेदना, विद्रोह आणि नकार या आशयसूत्रांपुरता राहिला. माणसाला ‘हीन’ ठरविण्यापूर्वी तो हीन आहे हे ओळखावे लागते. ही ओळख दोन्ही समाजांत कोणत्या चिन्हांच्या साह्याने केली जाते, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षितच राहिला.

या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी नोकरीचे दार हे स्थळ विशेष सोयीचे आहे. तेथे दोन अपरिचित माणसे थोडक्या वेळासाठी समोरासमोर येतात आणि त्यांपैकी एकाला दुसऱ्याविषयी निर्णय करण्याचा अधिकार असतो. ‘प्रथमदर्शनी पडलेली छाप’ ही कल्पना या भेटीत निर्णायक ठरते. पण मराठी संहितांमध्ये ही छाप खरोखर ‘दर्शना’ने पडते काय?

२

वर्णभेदी समाजात चिन्ह देहावर असते. त्वचेचा रंग बदलता येत नाही. केसांचे तसे नाही. ते कापता, सरळ करता, वेण्यांत गुंफता येतात. म्हणूनच केस हे वर्णभेदाचे विलक्षण संवेदनशील क्षेत्र झाले. माल्कम एक्सच्या आत्मचरित्रात (१९६५) तरुणपणी दाहक मिश्रण लावून केस सरळ करून घेण्याचा जो प्रसंग येतो, त्यात वेदनेइतकाच आनंदही आहे. पुढे निवेदक त्याच आनंदाकडे आत्मावमानाची पहिली मोठी पायरी म्हणून पाहतो. प्रसंग एकच, परंतु त्यात केस सरळ करणारा तरुण आणि त्याचा अर्थ लावणारा प्रौढ अशा दोन दृष्टी कार्यरत आहेत.

अमेरिकन न्यायालयांनी या चिन्हाला जो अर्थ दिला तो समीक्षकानेही पाहण्याजोगा आहे. ‘रॉजर्स विरुद्ध अमेरिकन एअरलाइन्स’ या १९८१ च्या खटल्यात एका कृष्णवर्णीय कर्मचारी स्त्रीच्या डोक्यालगत गुंफलेल्या बारीक वेण्यांवरील बंदी न्यायालयाने उचलून धरली. त्यामागील तर्क असा, की वेण्या ही सहज बदलता येण्याजोगी गोष्ट आहे, ती वंश नव्हे. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये ‘क्राउन’ कायदा करून केशरचनेवरून होणारा भेदभाव हा वंशभेदच मानला, तेव्हा हा तर्क तेथे मोडीत निघाला. त्या तर्काचा गाभा मात्र ध्यानात ठेवायला हवा: जे बदलता येते ते बदलण्याची सक्ती हा अन्याय नव्हे.

३

मराठी समाजातील जात ही देहावरून निश्चितपणे वाचता येत नाही. गोरेपणाविषयीचे पूर्वग्रह, पेहराव, उच्चार यांवरून अंदाज बांधले जातात, पण ते अंदाजच. देह बोलत नाही म्हणून या समाजाने देहावर चिन्हे लादली. शेंडी हे त्यांतले एक. विधवेचे केशवपन हे सर्वांत क्रूर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सत्यशोधकांच्या प्रेरणेने नाभिकांनी वपनास नकार दिला, तो एका अर्थी केसांतून लिहिल्या जाणाऱ्या या सामाजिक लिपीलाच दिलेला नकार होता. अशी लादलेली चिन्हे गळून पडू लागली आणि नगरातील अपरिचितांच्या गर्दीत माणूस चिन्हविरहित झाला, तेव्हा ओळखीचा सारा भार एका प्रश्नावर येऊन पडला: आडनाव काय?

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेचा (१९६३) व्यूह याच स्थित्यंतरातून सिद्ध झाला आहे. कथेचा निवेदक रेल्वेतील नोकरीसाठी गुजरातेत येतो. त्याचे दिसणे, बोलणे, कवितेचे प्रेम हे सारे त्याच्या बाजूने साक्ष देतात. प्रथमदर्शनी छाप उत्तमच पडते. अडचण निर्माण होते ती जात विचारली जाते तेव्हा. निवेदक सरळ खोटे सांगत नाही. प्रश्नच अपमानास्पद मानून तो नव्या देशाचा नागरिक या नात्याने आवेशाने उत्तर देतो. ऐकणारे त्या आवेशाचा अर्थ उच्च जात असा लावतात. येथे ‘चोरी’ कोणी केली, हा कथेचा खरा प्रश्न आहे. रामचरण तिवारीचा आदर आणि पुढची मारहाण या दोहोंमध्ये निवेदकाच्या चेहऱ्यात काहीही बदललेले नसते. बदललेली असते ती केवळ माहिती. काशीनाथ हा दुसरा दलित कामगार आपली जात न लपवता अरेरावीने वावरतो. त्याच्या रूपाने बागुलांनी चोरीचा पर्यायही कथेतच उभा केला आहे. ‘वर्ण बदलून वावरणे’ हे नेला लार्सनच्या ‘पासिंग’ या कादंबरीचे (१९२९) सूत्र या कथेजवळचे वाटते खरे. पण तेथे गोऱ्या दिसणाऱ्या देहाचा आधार घेतला जातो, येथे केवळ मौनाचा.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मधील (१९८१) संस्कृतच्या शिक्षणाविषयीचा लेख याच प्रश्नाला अधिक कठोर रूप देतो. संस्कृत घेऊन एम. ए. झालेली नागपूरची ही दलित तरुणी मुलाखतींना जाते आणि तिच्या कानांवर उपहास पडतो: आता यांनी संस्कृत शिकवायचे! गुणवत्तेचे प्रमाणपत्र तिच्या हाती असते. पंतप्रधान नेहरूंपर्यंत दाद जाते, त्यांच्याकडून पारितोषिकाची रक्कम येते, मुख्यमंत्र्यांचे आश्वासन मिळते. नोकरी मात्र मिळत नाही. राल्फ एलिसनच्या ‘इनव्हिजिबल मॅन’चा (१९५२) नायकही शिफारसपत्रे घेऊन न्यूयॉर्कमध्ये दारोदार हिंडतो; पण ती बंद पाकिटे आतून त्याच्या विरोधात लिहिलेली असतात. पावडे यांच्या लेखातील पत्रे प्रामाणिक आहेत. त्यांना निष्प्रभ करणारे अक्षर अर्जावरच आहे: सोमकुवर हे आडनाव.

पुढे आंतरजातीय विवाह होतो, आडनाव पावडे होते आणि काही महिन्यांत शासकीय महाविद्यालयात नेमणूक मिळते. लेखिका या यशाचे श्रेय स्वतःच्या गुणवत्तेला देण्याचे नाकारते. नोकरी मिळाली ती नव्या नावाला, जुन्या नावाची स्त्री वंचितच राहिली, असा निष्कर्ष ती काढते. मराठी आत्मकथनांतील ‘संघर्षानंतर यश’ हा रूढ आकृतिबंध या ठिकाणी आतून उद्ध्वस्त होतो. केशरचनेविषयीच्या न्यायालयीन तर्काची आठवण येथे अपरिहार्य आहे. आडनाव बदलता येते, येथे ते बदललेही, आणि नेमके त्यामुळेच अन्याय सिद्ध झाला. पदवी तीच, वाणी तीच. बदलले ते केवळ चिन्ह.

हा एका लेखिकेचा अपवादात्मक अनुभव होता असे म्हणण्यास आता वाव नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी क्षेत्रातील जाहिरातींना सारख्या पात्रतेचे, केवळ नावे भिन्न असलेले अर्ज धाडण्यात आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढील बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोनतृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एकतृतीयांश आढळली. कोणीही कोणाला पाहिले नव्हते.

४

या विवेचनाची उलट बाजूही तपासली पाहिजे: मराठी व्यक्ती वर्णभेदी समाजाच्या दारात उभी राहते तेव्हा काय घडते? त्यासाठी कल्याणकडे वळावे लागते. १८६५ मध्ये कल्याण येथे जन्मलेली यमुना जोशी विवाहानंतर आनंदी झाली, १८८३ मध्ये अमेरिकेस गेली आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाली. काशीबाई कानिटकरांचे चरित्र, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी (१९६८), अंजली कीर्तने यांचे संशोधन अशी या जीवनाची समृद्ध संहितापरंपरा मराठीत आहे.

आनंदीबाईंचे वेगळेपण अमेरिकेत प्रथमदर्शनीच दिसणारे होते. साडी सोडणार नाही, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, ही प्रतिज्ञा त्यांनी निघण्यापूर्वी जाहीर केली होती. तेथील हवामानात नऊवारी अपुरी पडली तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसणे स्वीकारले; गोपाळरावांना तेही रुचले नाही. स्त्रीच्या पेहरावावर समाजाप्रमाणेच घरचाही पहारा असतो, हे येथे दिसते.

परंतु हे दृश्य वेगळेपण त्यांच्या मार्गात आडवे आले नाही. ते प्रतिष्ठेचे ठरले. याचे कारण त्या वेगळेपणाला जातीने पुरविलेल्या अर्थात शोधावे लागते. त्यांच्या प्रबंधाचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा होता. पंडिता रमाबाईंच्या ज्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांनी आनंदीबाईंचे स्मरण केले, त्या पुस्तकाच्या (१८८७) शीर्षकातच ‘उच्च जातीची हिंदू स्त्री’ हे शब्द आहेत. जे चिन्ह अमेरिकन डोळ्यांना वाचता आले नसते, ते शब्दांनी सांगितले गेले आणि सावळ्या देहाच्या बाजूने बोलले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूकही त्यांना अमेरिकेत असतानाच देऊ करण्यात आली. आनंदीबाईंचे धैर्य यामुळे उणे होत नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, ते काम हाती घेण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला ही शोकांतिकाही खरीच. पण दाराशी त्यांच्यासाठी बोलणारे आणि कुमुद पावडे यांच्याविरुद्ध बोलणारे चिन्ह एकाच व्यवस्थेचे आहे, हे चरित्रपरंपरेने अद्याप पुरेसे नोंदविलेले नाही.

५

तुलनात्मक समीक्षेपुढे यातून दोन गोष्टी येतात. एक, ‘नजर’ ही पाश्चात्त्य सिद्धान्तातील संकल्पना मराठी संहितांना जशीच्या तशी लागू करता येणार नाही. येथे नजर अपुरी असते. ती प्रश्नाची वाट पाहते. प्रथमदर्शनापेक्षा प्रथमश्रवण निर्णायक ठरते, आणि म्हणून संवाद, मौन, आडवळणाचे प्रश्न यांच्या सूक्ष्म वाचनावाचून या कथनांचे मर्म हाती लागणार नाही. दोन, भेद मान्य केल्यावर एक खोल साम्य उरते. केस असोत वा आडनाव, बदलता येण्याजोगे चिन्ह बदलण्याची किंमत नेहमी एकाच पक्षाकडून वसूल केली जाते, आणि बदलल्यावर त्यालाच चोर किंवा लाचार म्हटले जाते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली ही आज अपरिचितांची आणि नोकरदारांची नगरे आहेत. येथे माणसे चेहऱ्याने मिसळतात आणि ‘गाव कोणते?’ या साध्या वाटणाऱ्या विचारणेने वेगळी होतात. कल्याणची आनंदी त्यांच्या अभिमानाचा विषय आहे आणि असावीही. तिचे चरित्र ‘अंतःस्फोट’शेजारी ठेवून वाचले, तर त्या अभिमानात गुणाचा वाटा किती आणि नावाचा किती, हा हिशेब मांडणे शक्य होईल.