चीनमधील साम्यवादी सत्तेचा उदय : हिंदी वैद्यकीय पथकाच्या साधनांचें परीक्षण

चीनमध्यें साम्यवादी पक्षाची सत्ता कशी वाढली, ह्या प्रश्नाचा आपल्या दप्तरांशीं कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु ती सत्ता येनानच्या डोंगराळ मुलखांत आकार घेत असतां दोन महाराष्ट्रीय डॉक्टर तेथें हजर होते : नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. त्यांच्या पथकाविषयीं आजवर जें लिहिलें व दाखविलें गेलें, तें इतिहासाचें साधन म्हणून कितपत ग्राह्य आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम निर्विवाद हकीकत. १९३७ सालीं जपाननें चीनवर मोठी स्वारी केली. साम्यवाद्यांच्या आठव्या सैन्याचे सेनापति चू तेह ह्यांनीं पंडित नेहरूंकडे साहाय्य मागितलें, आणि सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असतां राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें पथक धाडलें. १ सप्टेंबर १९३८ रोजीं तें मुंबईहून निघालें. अटल हे प्रमुख. चोळकर, कोटणीस, बसु व मुखर्जी हे इतर चौघे. कँटन, हँकाऊ, चुंगकिंग अशा मार्गानें सरकारी अंमलाखालील चीन ओलांडून पथक फेब्रुवारी १९३९ मध्यें येनानला पोंचलें. चोळकर व मुखर्जी त्याच वर्षीं परत फिरले, अटल १९४० सालीं व बसु १९४३ सालीं परतले. कोटणीस मात्र ९ डिसेंबर १९४२ रोजीं होपे प्रांतांतच अपस्माराच्या विकारानें वारले. तत्पूर्वीं त्याच वर्षीं त्यांनीं चिनी साम्यवादी पक्षांत प्रवेश केला होता.

आतां साधनें पाहूं. ख्वाजा अहमद अब्बास ह्यांचें कोटणिसांवरील इंग्रजी पुस्तक १९४४ सालीं, म्हणजे बसु परतल्यावर दुसऱ्याच वर्षीं निघालें. घटनेशीं असलेलें हें सान्निध्य त्याचें बळ होय. परंतु तें हिंदी वाचकाच्या मनांत देशाभिमान जागविण्यासाठीं लिहिलेलें आहे, हें विसरतां येत नाहीं. त्याच कथेवरून शांतारामबापूंनीं १९४६ सालीं ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला. त्यांत नायकाचा अंत साथीच्या रोगाशीं दिलेल्या झुंजीतून घडतो. बोलपटास तें शोभून दिसतें. पण आज अनेकांच्या स्मरणांत अपस्माराऐवजीं ती साथच राहिली आहे, आणि संशोधकास ही गोष्ट क्षुल्लक मानतां येत नाहीं. उलट चिनी स्मारकांत कोटणीस हे आंतरराष्ट्रीय बंधुत्वाचे हुतात्मे म्हणून उभे आहेत. तेथें त्यांस धाडणारी राष्ट्रसभा मागें पडते. बसूंची रोजनिशी १९८६ सालीं छापून निघाली. ह्या सर्वांत तिची योग्यता अधिक, कारण रोजनिशी लिहिणारास उद्यांचा निकाल ठाऊक नसतो.

ह्या भेदास महत्त्व कां, तें सांगणें अवश्य आहे. १ ऑक्टोबर १९४९ रोजीं पेकिंगमध्यें नव्या राज्याची घोषणा झाली. तदनंतर लिहिणारास येनानमधील प्रत्येक गोष्ट विजयाची पूर्वतयारी वाटूं लागते. १९३९ सालीं तसें नव्हतें. क्वोमिन्तांग व साम्यवादी ह्यांच्या १९३७ च्या समेटामुळें आठवें सैन्य नांवापुरतें राष्ट्रीय सैन्याचाच भाग होतें. राष्ट्रसभेनें पथक धाडलें तें चिनी राष्ट्रास, एका पक्षास नव्हे. जानेवारी १९४१ मध्यें आन्ह्वै प्रांतांत सरकारी फौजांनीं साम्यवाद्यांच्या नव्या चौथ्या सैन्यावर हल्ला केला, तेव्हां समेट नांवापुरताच उरला. कोटणीस बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले तेही त्याच महिन्यांत. सबब पथकाविषयींचा कोणताही कागद हातीं आल्यास तो ह्या तारखेच्या अलीकडचा कीं पलीकडचा, हें आधीं पाहावें.

सत्तेच्या वाढीचें खरें कारणही अशा बारीकसारीक कागदांतूनच उमगतें. पक्षाचे सभासद १९३७ च्या सुमारास ४० हजार होते. १९४५ मध्यें ते १२ लाख झाले. हा फरक केवळ बंदुकीनें पडला नाहीं. जपानी आघाडीच्या पिछाडीस खंड कमी करणें, गांवोगांव निवडणुका घेणें, शेतकऱ्यांच्या पोरांस शिकवून शुश्रूषेस लावणें, अशा कामांतून राज्य आधीं खेड्यांत उभें राहिलें व मागाहून राजधानींत गेलें. कोटणीस ज्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया करीत व शिकवीत, तें ह्या यंत्राचेंच एक चाक होतें. अब्बासांचें पुस्तक व बोलपट ह्यांनीं आपणांस वीर दाखविला. हें चाक दाखविलें नाहीं, हाच त्यांजवरील मुख्य आक्षेप.

संग्राहकांसाठीं एक सूचना. पांचही डॉक्टरांनीं चिनी नांवें घेतलीं होतीं, व प्रत्येकाच्या शेवटीं चीन ह्या अर्थाचें ‘ह्वा’ हें अक्षर होतें. कोटणिसांचें नांव को ति-ह्वा. चिनी कागदावर कोटणीस हें नांव शोधूं गेल्यास तें सांपडणार नाहीं.

चोळकरांची साक्ष ह्यांत विशेष मोलाची ठरावी. त्यांनीं समेट मोडण्यापूर्वींचें येनान पाहिलें आणि निकाल कळण्यापूर्वींच ते परतले. नागपूरच्या जुन्या घरांतून त्यांचें वा पथकांतील कोणाचें पत्र, छायाचित्र किंवा वर्गणीची पावती निघाल्यास ती रद्दींत जाऊं देऊं नये. तिकिटाच्या लोभानें पाकीट कापण्याची चाल तर सर्वस्वीं त्याज्य होय : तारखेवांचून लिहिलेल्या पत्रास टपालाचा शिक्का हाच एक साक्षीदार असतो, आणि १९३९ व १९४१ ह्यांतला फरक सांगणारा दुसरा कोणीही उरलेला नसतो.

— नंदनवन, नागपूर