पुस्तक मोजणाऱ्यांचे

रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) आपल्यापैकी बऱ्याच जणांना निदान नावाने ठाऊक असते. एका हळव्या लेखिकेचा डी.डी.टी.विरुद्धचा आक्रोश, अशी त्याची ओळख करून दिली जाते. ती मला पटत नाही. माझा पेशा सॉफ्टवेअरचा. कोणी काही दावा केला की त्यामागे नोंदी काय आहेत, ते मी आधी पाहतो. तसे पाहता या पुस्तकाचे खरे बळ पक्षी मोजत बसलेल्या माणसांच्या वह्यांत आहे.

पहिले प्रकरण मला सर्वांत कच्चे वाटते. पाखरे मुकी झालेले ते गाव काल्पनिक आहे, आणि लेखिका ते तिथेच सांगते. पण वादात कल्पित गाव पुढे करणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणे. खरा पुरावा नंतर येतो. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात एल्म वृक्षांवर डी.डी.टी. फवारले. गळलेली पाने गांडुळांनी खाल्ली, ती गांडुळे रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली आणि रॉबिन मेले. ११ मोठी गांडुळे एका रॉबिनचा जीव घ्यायला पुरतात, हा हिशेब कोणत्याही विशेषणापेक्षा अंगावर येतो.

त्याहून मोलाची नोंद पेनसिल्व्हेनियातील हॉक माउंटनची. तिथे पानगळीच्या दिवसांत डोंगरावरून जाणारे शिकारी पक्षी मोजतात. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांत ४० टक्के कोवळे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते २० टक्क्यांवर आले. मोठे गरुड आकाशात दिसतच होते. वंश मात्र आतून आटत होता. मोजणी सुरू झाली तेव्हा डी.डी.टी. शेतात आलेच नव्हते, म्हणून ही तुलना शक्य झाली.

पिल्ले का होत नाहीत, याचे पुरते उत्तर मात्र पुस्तकात नाही. ते १९६७ साली ब्रिटनच्या डेरेक रॅटक्लिफ यांच्या अभ्यासातून मिळाले. संग्राहकांनी जपलेली जुनी अंडी त्यांनी नव्यांशी ताडून पाहिली, तेव्हा बहिरी ससाण्याच्या अंड्यांचे कवच पातळ झालेले आढळले. १९७२ साली अमेरिकेत डी.डी.टी.च्या बहुतेक वापरांवर बंदी आली.

आपल्याकडची गिधाडांची कथाही अशीच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात भरतपूरला गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती, म्हणून पुढची घसरण दाखवता आली. २००४ साली पाकिस्तानातील संशोधनाने गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅककडे बोट दाखवले आणि २००६ साली भारताने जनावरांसाठी त्याचे उत्पादन थांबवले. तोवर बहुतेक गिधाडे गेली होती.

बिघाडानंतर सुरू केलेली नोंद, आधी काय होते ते सांगू शकत नाही. हे माझ्या व्यवसायात रोज दिसते. पक्षी मोजायला पैसे मागितले की ‘याचा उपयोग काय?’ असे विचारले जाते. १९३५ साली हॉक माउंटनवर बसलेल्या माणसालाही त्याचे उत्तर देता आले नसते. म्हणून हे पुस्तक पुन्हा हाती घ्याल तेव्हा पहिले प्रकरण चाळा हवे तर, पण आकडे सावकाश वाचा.